विहीणबाईंचं पाणी

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं! नाव दिलं. रविवारच्या पायी मंडळात.

सगळा दोष साखरेचा. डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवू की पाय हलवता? माझ्या तोंडून निघून गेलं — पाय. बाजूच्या खुर्चीत शेजारची सुनीती. समता कॉलनीत कोण कोणत्या दवाखान्यात बसलंय हे तिला घरबसल्याही कळतं, आज तर जातीने हजर होती. तिथल्या तिथे मोबाइल काढून माझं नाव मंडळाला कळवूनही टाकलं. "शहराबाहेर नेतात हो, शेताशेतातून. इथली हवा काय हवा आहे का!"

घरी सांगितलं तर आमचे नीलकंठराव पेपर खाली ठेवून म्हणाले, "देवघरापर्यंत गेली तरी तुले दम लागते, अन् शेतात जाऊन राहिली?" मंडळाला त्यांनी नावही दिलं — 'चालते व्हा मंडळ'.

बूट आणले. पांढरे. सलवारखालून दोन बदकं निघाल्यासारखे दिसतात.

२ नोव्हेंबर, रविवार

घरी येताच तांब्याभर पाणी प्याले. रागाने की तहानेने, ते ठरवता येत नाही.

सकाळी महादेव घाटाच्या पुलापाशी जमलो, वीसेक माणसं. मंडळ चालवतात ते रामकृष्णभाऊ — गुढियारीचे, रेल्वेत गार्ड होते. नोकरी सुटली, शिट्टी सुटली नाही. गळ्यात शिट्टी, हातात हिरवी झेंडी. झेंडी हलल्याशिवाय मंडळ सुटत नाही. उशिरा येणाऱ्याला कठड्यापाशी उभं करून ठेवतात — सिग्नल मिळेपर्यंत!

मग मला नियम सांगितला. इथे एकट्याने चालायचं नाही, जोडीने चालायचं. आणि आपलं पाणी, आपला डबा जोडीदाराच्या पिशवीत. त्याचा आपल्या पिशवीत. मागे म्हणे एक गृहस्थ तळ्यावर कमळं बघत राहून गेले. मंडळ परत येऊन पोहे खात बसलं तेव्हा त्यांच्या बायकोचा फोन आला, आमचे हे कुठे आहेत? तेव्हापासून हा नियम. "तहान लागली का जोडीदार बराबर आठवते," रामकृष्णभाऊ म्हणाले. मी मनात म्हटलं, डोकं आहे माणसाला!

सगळ्यांत हळू चालणाऱ्या दोघींची एक जोडी. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "अरे, ह्या तं विहिणी-विहिणी! यायच्या लेकरायच्या लग्नात जेवलो ना मी! याच्याहून चांगली जोडी कोनती पायजे?"

वळून पाहिलं. वनमालाबाई.

माझ्या लेकीची, देवश्रीची सासू. म्हणजे होत्या. आता माझ्या कोण, ते कोणी सांगितलेलं नाही. देवश्री आणि शिशिर वेगळे होऊन अडीच वर्षं झाली. मारझोड नाही, तिसरं कोणी नाही. पटलं नाही, सह्या केल्या, मोकळे झाले. पोरं मोकळी झाली, आम्ही अडकलो. भाजीबाजारात समोरासमोर आलो तर त्या वांगी बघतात, मी मिरच्या. त्याआधी मात्र, लिहूनच टाकते, त्यांच्यासारखी मैत्रीण मला ना माहेरी मिळाली ना सासरी. लेकीसाठी तोडलं सगळं. घरात ठरवलं, त्या घराचं नाव काढायचं नाही. आम्ही दोघं पाळतो. देवश्रीही पाळते, नागपुरात राहून.

अख्ख्या मराठी रायपूरला हे माहीत आहे. एक रामकृष्णभाऊ सोडून! सुनीती आभाळाकडे बघायला लागली. एक गृहस्थ बुटाची नाडी बांधायला वाकले — पायात चपला होत्या.

आम्ही दोघींनीही तोंड उघडलं नाही. पुलावर उभं राहून वीस माणसांत काय सांगायचं? गुपचूप बाटल्या-डबे बदलले. झेंडी हलली.

ऊन चढेपर्यंत बांधावरून चाललो. धान पिवळं झालंय, सुंदर दिसतं म्हणे. मला बाटलीच दिसत होती. माझं पाणी त्यांच्या पाठीवर. मागायचं तर हाक मारायला हवी. काय हाक मारू? विहीणबाई म्हणायची सोय उरली नाही, नुसतं 'अहो' म्हटलं तर चारजण वळून बघतील. तशीच कोरड्या घशाने परत आले. पुलापाशी बाटल्या परत केल्या. माझी गच्च भरलेली.

त्यांचीही!

३ नोव्हेंबर, सोमवार

पायांत गोळे. नीलकंठरावांना सांगितलं तर ठसका लागेपर्यंत हसले. "दोघी मेल्या असत्या तं पोलिसांनी पंचनाम्यात काय लिवलं असतं? पानी भरलेलं सापडलं!"

पुन्हा जाणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

उद्या जायचं नाही हे पक्कं. बूट पुसून ठेवले, ते धूळ बसते म्हणून.

९ नोव्हेंबर, रविवार

गेले.

त्याही आल्या होत्या. म्हणजे तिकडेही बूट पुसले गेले असणार.

पहिलं गाव मागे पडेपर्यंत दोघी मुक्या. बाभळीपाशी त्या थांबल्या, पिशवी उतरवली आणि समोरच्या शेताकडे बघत म्हणाल्या, "दुसऱ्याचं पाणी वागवून माझा खांदा दुखून राहिला. ज्यांचं आहे त्यांनी पिऊन टाकावं. वजन तर कमी होईल."

प्याले. घटाघटा. मग मीही बाभळीला सांगितलं, "या पिशवीत कोणाचा डबा आहे, त्यात दगड भरलेत का?"

"दगड नाही. चीले आहेत. चार जास्तीचे आहेत."

त्यांच्या हातचे तांदळाचे चीले, आपल्या धिरड्यांसारखे! अडीच वर्षांनी! बरोबर हिरव्या मिरचीची चटणी. मी 'एकच' म्हणाले आणि तीन खाल्ले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

देवश्रीचा फोन. पोट्टीला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. "अच्छा, जोड़ी में चलते हैं? तेरी जोड़ी कौन है?"

"आहे एक ब्राह्मणपाऱ्यातली बाई."

"अच्छी है?"

"बरी आहे. फार हळू चालते."

फोन ठेवल्यावर कसंसंच झालं. खोटं नाही बोलले. पण हिच्याशी मी असं तोलून-मापून कधी बोलत नाही. तिला कळलं तर काय म्हणेल — आई, तू कोणाच्या बाजूची? एकटी राहते तिथे, रात्री दमून येते. तिच्या मागे मी तिच्या सासूचे चीले खात फिरतेय!

१६ नोव्हेंबर, रविवार

आज रामकृष्णभाऊ मुद्दाम मागे येऊन आमच्याबरोबर चालले. "काय म्हणते मंग जोडपं? लेक-जावई खुशीत?"

वनमालाबाई शांतपणे म्हणाल्या, "मजेत आहे शिशिर."

"देवश्रीही मजेत," मी म्हटलं.

"वा! दोघंही मजेत!"

"दोघंही," आम्ही दोघी म्हणालो.

शिट्टी वाजवत गेले पुढे. आम्ही चिंचेच्या झाडाआड गेलो आणि तोंडात ओढणीचा बोळा कोंबून हसलो. वनमालाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "एक शब्द खोटा नव्हता हो," म्हणत पुन्हा हसल्या. मला वाटलं, हिला मी सोडलं तरी कसं होतं!

२३ नोव्हेंबर, रविवार

भांडण झालं.

सगळं छान चाललं होतं. त्यांचं ते नेहमीचं सुरू होतं, आम्ही भोसल्यांच्या काळापासून रायपूरचे, तुम्ही वर्ध्याकडून परवा आलेले. आम्हाला येऊन तीन पिढ्या झाल्या, तो यांचा परवा! मी म्हटलं, म्हणूनच आमचे गुडघे तुमच्यापेक्षा बरे आहेत. असं चाललं होतं. बांधावरून उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "देवश्री रात्री जेवते का नीट? तिला भातावर दही लागतं."

काय झालं कोणास ठाऊक. डोकंच फिरलं. म्हटलं, "तुमच्या घरात होती तेव्हा विचारायचं."

हात सोडला त्यांनी. "रोज विचारत होती मी. तुम्हाले कोण सांगणार?"

बाटली मात्र वेळेवर पुढे केली, दुसरीकडे बघून.

३० नोव्हेंबर, रविवार

त्या आल्या नाहीत.

ज्याचा जोडीदार येत नाही त्याला रामकृष्णभाऊ स्वतः जोडीला घेतात. ही शिक्षा आहे हे मला आधी माहीत नव्हतं. बिलासपूरच्या अलीकडे मालगाडी रात्रभर का उभी राहिली, याची गोष्ट पहिल्या तळ्यापासून परतीच्या पुलापर्यंत पुरली. गाडी अजून सुटलेली नाही. वर प्रत्येक झाडापाशी पाणी मागतात, आणि बाटली माझ्या खांद्यावर.

गोष्ट ऐकता ऐकता मी दोनदा मागे वळून पाहिलं, वनमालाबाई येताहेत का म्हणून. मला त्यांची आठवण येत होती. भांडून जीव हलका होतो म्हणतात, माझा झाला नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

फोन केला शेवटी. नंबर अजून 'विहीणबाई' म्हणूनच आहे, बदललाच नव्हता.

"बोला," त्या म्हणाल्या.

"तुमच्यापायी मला मालगाडी ऐकावी लागली."

पलीकडून खुदकन आवाज आला. "कोणती? बिलासपूरची? सुटली का?"

गुडघा सुजला होता म्हणे. "राग नव्हता," म्हणाल्या. मग थोडं थांबून, "होता. पण गुडघा जास्ती होता."

मी सांगितलं — देवश्री जेवते, भातावर दही घेऊनच. त्यावर त्या फक्त "बरं" म्हणाल्या. आवाज बदलला होता.

७ डिसेंबर, रविवार

आल्या, गुडघ्याला पट्टा बांधून. आज मीच शिशिरचं विचारलं. दाढी वाढवलीय, बेंगळुरूत स्वतः पोळ्या करतो, चंद्रकोरीच्या आकाराच्या. मला तो पोट्टा आवडायचा. हे कुठेच बोलता येत नव्हतं इतके दिवस, घरीही नाही.

१४ डिसेंबर, रविवार

कापणी झालीय सगळीकडे. धानाच्या धसकटांत लाखोळीच्या डाळीची रोपं हिरवीगार उठलीत. एक बाई भाजीसाठी कोवळे शेंडे खुडत होती. तिने आम्हा दोघींच्या ओंजळी भरल्या आणि छत्तीसगढीत विचारलं, "तुमन दुनो बहिनी हव का?"

मी वनमालाबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.

"हव," त्याच म्हणाल्या.

इथे थांबलं असतं तर बरं होतं. पण परतताना पुलापाशी रामकृष्णभाऊंनी शिट्टी वाजवून सगळ्यांना गोळा केलं. संक्रांतीच्या पायी फेरीत आम्हा दोघींचा सत्कार! 'आदर्श विहिणी' म्हणून! शाल-नारळ! आणि शाल कोणाच्या हस्ते? "लेक-जावयाच्या! बोलावून घ्या दोघायले. मी मोबाइल नंबर मागून फोनच करतो."

चपलांची नाडी बांधणारे गृहस्थ पुन्हा वाकले.

१५ डिसेंबर, सोमवार

नीलकंठराव म्हणतात, "घ्या शाल. थंडी आहे."

या माणसाला कशाचंच काही नाही!

२१ डिसेंबर, रविवार

सांगून टाकलं. मी रात्रभर वाक्य जुळवत होते. वनमालाबाईंनी आज झेंडी हलायच्या आधीच सांगितलं. "भाऊ, पोरं वेगळी झाली. अडीच वर्षं झाली. तुम्ही फोन नका करू."

रामकृष्णभाऊंच्या तोंडातली शिट्टी गळ्यावर पडली. सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. सगळे नदीकडे बघत होते. "तुमाले सगळ्यायले माहीत होतं? मंग मले कोणी सांगतलं काहून नाही?"

ते कठड्यावर बसलेच. "मी दर रविवारी जावई कसे आहेत, जावई कसे आहेत, विचारून राहिलो..." फार वाईट वाटलं मला त्यांचं. चिंचेआड हसलो होतो आम्ही त्यांना.

मग उठून माझ्यासमोर आले, हात जोडले. "चुकलं माझं, ताई. जोडी बदलून देतो."

"नको!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो. इतक्या जोरात की नदीकाठचे बगळे उडाले.

भाऊ बघतच राहिले. मग झेंडी उचलली. "मंग शाल तं आता पक्कीच," म्हणाले.

येताना सुनीती माझ्या गाडीत होती आणि वाटभर मोबाइलवर टाइप करत होती. तिची भाची नागपुरात. देवश्रीच्याच ऑफिसात! आता वेळ नाही. दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी मीच सांगायला हवं. आणि देवश्रीला नाही चाललं तर? तर मंडळ सोडायचं. लेकीपुढे दुसरं काय?

२४ डिसेंबर, बुधवार

देवश्री आली, नाताळच्या सुट्टीला. बारीक झालीय. "मस्त हूँ आई, तेरेको सब बारीक ही दिखते हैं." रात्री भातावर दही घेतलं. मी वाटीकडे बघतच बसले.

सांगितलं नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं नाही. नीलकंठराव भुवया उडवतात. मी मटार सोलते. घरात आता मटार उरलेले नाहीत.

२६ डिसेंबर, शुक्रवार

चहा देताना सांगितलं. एका दमात, पहिल्या बाटलीपासून. "ती ब्राह्मणपाऱ्यातली बाई... त्या तुझ्या सासूबाई आहेत. होत्या."

कप तसाच हातात. "हर इतवार?"

"हो."

"बातें भी करते हो?"

"करतो."

"हँसते भी हो?"

होकाराची मान हलवली. कप ठेवला तिने आणि खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर परवडलं असतं.

२७ डिसेंबर, शनिवार

दिवसभर माझ्याशी कामापुरतं. मीठ कुठंय, टॉवेल कुठंय. डोळे सुजलेले. विचारायची हिंमत नाही.

संध्याकाळी रामकृष्णभाऊंना कळवलं, नाव काढून टाका. वनमालाबाईंना फोन केला. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "समजलं. पोरीजवळ राहा." बस, एवढंच. मी फोन ठेवून बाथरूममध्ये नळ सोडून रडले. साठीला आलेली बाई, मैत्रिणीसाठी रडतेय! पण रडू आलं.

२८ डिसेंबर, रविवार

पहाटे उठले तर देवश्री बूट घालून दाराशी बसलेली. "चल."

पुलापाशी गाडीतून उतरताना म्हणाली, "तूने बोला था, उस घर का नाम नहीं लेना. मैंने नहीं लिया. ढाई साल. तलाक शिशिर से हुआ था आई, मम्मी से थोड़े ही हुआ था."

आणि मला तिथेच सोडून आपल्या मम्मींकडे, सासूकडे धावत गेली. वनमालाबाई तिला बघून कठडा धरून उभ्या राहिल्या.

आज जोडी त्या दोघींची. मी रामकृष्णभाऊंबरोबर, मागे. दोघी इतक्या पुढे गेल्या की बोलणं ऐकू येईना, मधूनमधून हसणं तेवढं यायचं. मलाच हसत असणार. हसू देत.